ठाण्याच्या हवेत थिजणारे चॉकलेट

ठाण्यात घरी चॉकलेट करायचे असेल, तर डिसेंबर आणि जानेवारी हे दोन महिने खरे उपयोगाचे. चॉकलेटला त्याचा कडकपणा देणारे कोको बटर ३४ ते ३६ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि एप्रिल-मे महिन्यांत आमच्या पाचपाखाडीच्या स्वयंपाकघरातले दुपारचे तापमान तिथपर्यंत सहज पोचते. त्या दिवसांत साच्यात ओतलेले चॉकलेट ओट्यावर ठेवून थिजण्याची वाट पाहण्यात अर्थ नसतो. पावसाळ्यात उकाडा थोडा ओसरला, तरी हवेतला दमटपणा साखरेत शिरतो आणि तयार वड्यांना चिकट ओल येते. थंडीत मात्र सकाळी लवकर खिडकी उघडली की गार वारा आत येतो, ओट्याचा दगड हाताला थंड लागतो आणि ऊन चढेपर्यंतचा वेळ या कामाला पुरतो. गेली काही वर्षे मी याच दिवसांत घरी कच्चे चॉकलेट करते. ते करताना जे समजत गेले ते नीट लिहावे असे वाटते, कारण या विषयात आपल्याकडे उत्साह पुष्कळ आहे आणि नेमकी माहिती त्या मानाने कमी मिळते.

घरी केलेले चॉकलेट ठाण्याला नवीन नाही. ज्या शहरात एका गजबजलेल्या चौकाचे नावच कॅडबरी जंक्शन आहे, तिथे या पदार्थाविषयी आपुलकी असणारच. दिवाळीच्या आधी कितीतरी घरांत ‘होममेड चॉकलेट’चे मोल्ड बाहेर निघतात, पाण्याच्या वाफेवर स्लॅब वितळतो, मध्ये बदामाचा किंवा काजूचा तुकडा बसतो आणि रंगीत चांदीत गुंडाळलेल्या वड्या डब्यांत भरल्या जातात. त्या कामातला हौसेचा भाग मला मनापासून आवडतो. परंतु तो स्लॅब बहुतेक वेळा कंपाउंडचा असतो, म्हणजे त्यात कोको बटरच्या जागी पाम किंवा तत्सम वनस्पतिजन्य चरबी असते, आणि घटकांच्या यादीत साखर सर्वांत आधी येते. भारतीय मानकांप्रमाणे ज्याला चॉकलेट म्हणायचे त्यात कोको बटरखेरीज इतर वनस्पतिजन्य चरबी ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. कंपाउंड त्या मर्यादेबाहेरचा पदार्थ आहे. त्याचा मोठा गुण असा की तो वितळवून ओतला की काही न करता घट्ट होतो, आणि म्हणूनच तो घरगुती उद्योगात इतका रुजला. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरे वाचायची सवय लागल्यावर माझे मन त्यातून उठले आणि कोकोच्या बीपासून सुरुवात करून पाहावी असे वाटू लागले.

कच्चे चॉकलेट म्हणजे न भाजलेल्या बियांचे चॉकलेट. नेहमीच्या चॉकलेटसाठी बिया साधारण १२० ते १४० अंशांवर भाजतात. कच्चे करणारे लोक सगळी प्रक्रिया ४२ ते ४८ अंशांच्या आत ठेवायचा प्रयत्न करतात. ही मर्यादा कोणत्याही कायद्याने ठरवलेली नाही, ती करणाऱ्यांनीच आपसांत मानलेली आहे. आणि इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती सोयीस्करपणे विसरली जाते. कोकोचे फळ फोडल्यावर बिया पांढऱ्या, गोड गरात गुरफटलेल्या असतात. त्या गरासकट त्यांचा ढीग करून केळीच्या पानांखाली किंवा लाकडी पेट्यांत पाच ते सात दिवस आंबवतात. आधी यीस्ट गरातल्या साखरेचे अल्कोहोल करते, मग जिवाणू त्या अल्कोहोलचे ॲसेटिक आम्ल करतात, आणि या दुसऱ्या टप्प्यात इतकी उष्णता निर्माण होते की ढिगाच्या पोटातले तापमान ४५ ते ५० अंशांपर्यंत जाते. त्या आम्लाने आणि उष्णतेने बीमधला अंकुर मरतो, आतले कप्पे फुटतात आणि ज्या रसायनांतून पुढे चॉकलेटची चव उमलते ती तयार होतात. हे घडले नाही तर बी नुसते कडू आणि तुरट राहते. म्हणजे आपण ज्याला कच्चे म्हणतो त्या बीनेही बागेतच बऱ्यापैकी ऊब सोसलेली असते, आणि ती सोसली म्हणूनच ते खाण्याजोगे झालेले असते.

कच्च्या चॉकलेटला प्राचीन परंपरेचा मान देण्याची प्रथाही मला पटत नाही. इक्वाडोरमध्ये सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांत कोकोचे अंश सापडले आहेत, तेव्हा कोकोचा वापर प्राचीन आहे यात शंका नाही. पण मेक्सिकोकडच्या ज्या लोकांनी चॉकलेटचे पेय जगाला दिले ते बिया मातीच्या तव्यावर भाजून मगच दगडावर वाटत. शिवाय आज घरी कच्चे चॉकलेट करण्याची जी सोपी कृती सर्वत्र सांगितली जाते, कोको बटर आणि कोको पावडर एकत्र करण्याची, ती १८२८च्या आधी सहज शक्य नव्हती. त्या वर्षी नेदरलँड्समधल्या व्हान हाउटेन यांच्या दाबयंत्राचे पेटंट झाले आणि वाटलेल्या बियांतून चरबी सहज वेगळी काढता येऊ लागली. उरलेल्या पेंडीची पावडर झाली. पुढे १८४७मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने वेगळे काढलेले कोको बटर पुन्हा कोको आणि साखरेत मिसळून खायची वडी केली. आपण स्वयंपाकघरात आज करतो ते त्याच कृतीचे लहान रूप आहे. हे माहीत असले की मन स्वच्छ राहते: कच्चे चॉकलेट ही अलीकडची कल्पना आहे, आणि तिची पारख तिच्या स्वतःच्या गुणांवर करायला हवी.

मी दोन्ही प्रकारे करते. बियांपासून करायचे तेव्हा केरळच्या इडुक्की भागातल्या एका शेतकऱ्याकडून आंबवून उन्हात वाळवलेल्या बिया मागवते. आपल्या देशात कोको मुख्यतः केरळ, आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि तमिळनाडूत होतो, आणि बहुतेक ठिकाणी नारळी-पोफळीच्या सावलीत आंतरपीक म्हणून. कर्नाटकातल्या पुत्तूरला कॅम्पको या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६पासून आहे. कोको आपल्या इतक्या जवळ पिकतो याचे मला पहिल्यांदा कळले तेव्हा फार अप्रूप वाटले होते, आणि अजूनही पार्सल उघडल्यावर येणारा तो आंबूस, किंचित शिरक्यासारखा वास घेतला की ते अप्रूप ताजे होते.

बिया निवडून, खराब आणि बुरशी धरलेल्या काढून टाकून, मी त्या मंद उबेत आणखी कोरड्या करते आणि लाटण्याने हलक्या हाताने फोडते. त्यापुढचे काम माझ्या सासूबाईंचे. परदेशात या टप्प्यासाठी केस वाळवण्याचे यंत्र वापरून टरफले उडवतात. आमच्याकडे पहिल्यांदा बिया आल्या तेव्हा मी त्याचीच तयारी करत होते, तर त्यांनी माळ्यावरचे सूप काढायला लावले. “अगं, पाखडायचे काम ते पाखडायचेच. मशीन कशाला?” असे म्हणून त्या बाल्कनीत बसल्या, आणि हळूहळू टरफले सुपाच्या टोकाकडे आणि आतले काळपट तांबूस तुकडे त्यांच्या बाजूला असे वेगळे होत गेले. मी म्हटले, “आई, तुम्ही हे किती सहज करता!” तर त्यांनी मान वर न करता, टरफलाचा एकही कण राहू देऊ नकोस, एवढेच सांगितले. त्यांनी ते चवीसाठी सांगितले होते, पण त्याला आरोग्याचेही मोठे कारण आहे. चॉकलेटमधल्या शिशाचा बराच भाग बिया वाळवताना धुळीतून टरफलावर बसतो, तर कॅडमियम मुळांवाटे जमिनीतून बीच्या आत येते. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०२२च्या अखेरीस २८ डार्क चॉकलेट तपासली तेव्हा त्यांतल्या २३ चॉकलेटांत या दोन धातूंपैकी किमान एकाचे प्रमाण रोज एक औंस खाण्याच्या दृष्टीने काळजी वाटावी इतके होते. कॅडमियमवर घरात उपाय नाही. बिया कोणत्या मातीतल्या आहेत यावर ते अवलंबून असते. शिशाचा धोका मात्र नीट पाखडल्याने कमी करता येतो, आणि हे काम घाईने उरकण्याचे नाही.

पाखडून उरलेल्या तुकड्यांना निब्ज म्हणतात. त्यांच्यात निम्म्याहून जास्त चरबी असते, त्यामुळे दगडाखाली वाटले जाऊ लागले की आधी त्यांचा भुगा होतो, मग ओलसर गोळा होतो आणि काही वेळाने तो वाहू लागतो. एक थेंबही पाणी न घालता कोरड्या बियांचा असा रस होताना पाहणे हा या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. जगभरात लहान प्रमाणावर बीपासून चॉकलेट करणाऱ्यांची जी चळवळ गेल्या वीसेक वर्षांत वाढली, तिच्या स्वयंपाकघरांत दक्षिण भारतातला इडलीच्या पिठाचा वेट ग्राइंडर पोचला, तो याच कामासाठी. ग्रॅनाइटचे दोन फिरते दगड आणि खाली ग्रॅनाइटचाच तळ, ही रचना कोकोला नेमकी मानवते. नेहमीच्या ग्राइंडरची मोटर इतके तास सलग चालण्यासाठी केलेली नसते, म्हणून चॉकलेटसाठी थोडा बदल केलेले यंत्र घ्यावे. जिभेला साधारण ३० मायक्रॉनहून मोठा कण खरखरीत लागतो, आणि त्याखाली उतरायला निदान एक दिवस-रात्र तरी दळण चालू ठेवावे लागते. दगडांच्या घर्षणाने उष्णता वाढते. कच्चे ठेवायचे असेल तर झाकण काढून वर पंखा लावावा आणि थर्मामीटर हाताशी ठेवावा. हे काम थंडीत करण्याचे आणखी एक कारण इथे कळते.

ज्यांना एवढा व्याप करायचा नाही, त्यांच्यासाठी सोपी रीत आहे आणि तीही उत्तम आहे. १०० ग्रॅम कोको बटर किसून पातेलीत घ्यावे, ती पातेली कोमट पाण्यात ठेवून सावकाश वितळू द्यावे, त्यात १०० ग्रॅम कोको पावडर आणि ५० ग्रॅम खडीसाखरेची वस्त्रगाळ पूड चाळून घालावी, चिमूटभर मीठ टाकावे आणि एकही गुठळी राहणार नाही असे घोटावे. पावडर निवडताना मात्र चोखंदळ राहावे. बाजारातली गडद, जवळपास काळी दिसणारी पावडर बहुधा अल्कली देऊन केलेली असते. तिची चव सौम्य होते, परंतु कोकोतले फ्लॅव्हनॉल नावाचे जे घटक आरोग्याच्या दृष्टीने मोलाचे मानले जातात त्यांचा मोठा भाग त्या प्रक्रियेत नष्ट होतो. नैसर्गिक पावडर फिकट तांबूस असते आणि चवीला आंबटसर लागते. माझ्या मते ‘कच्चे’ या शिक्क्यापेक्षा ‘अल्कली न दिलेले’ ही खूण शोधणे अधिक उपयोगाचे आहे.

गोडासाठी मी जांभळी नाक्यावरून खडीसाखर आणि खारीक आणते. मध आणि काकवी आरोग्यदायी म्हणून सुचवली जातात, पण मधात १७-१८ टक्के पाणी असते, आणि वितळलेल्या चॉकलेटात थोडेसे पाणी गेले तरी साखरेचे आणि कोकोचे कण ते शोषून एकमेकांना चिकटतात आणि सगळा रस घट्ट, दाणेदार लगदा होतो. मध घालायचाच असेल तर मऊ गोळ्या कराव्यात, वड्यांचा आग्रह धरू नये. गूळ आपल्याला प्रिय असला, तरी तो हवेतली ओल ओढतो आणि ठाण्यात ती भरपूर असते. खारीक मात्र खणखणीत वाळवून, पूड करून, दोनदा चाळून घातली तर चांगली जमते. वडीला किंचित चरचरीतपणा येतो, आणि तो मला आवडतो.

यापुढचा टप्पा टेम्परिंगचा, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांतून नेऊन थिजवण्याचा, आणि बहुतेक कृतींमध्ये त्याला एखाददुसरे वाक्यच मिळते. कोको बटर थिजताना सहा वेगवेगळ्या स्फटिकरूपांत बसू शकते. साजूक तूप जसे झटकन गार झाले तर गुळगुळीत राहते आणि सावकाश थिजले तर रवाळ होते, तसेच हे आहे. फक्त तुपात रवाळपणा हवासा असतो आणि इथे सहांपैकी पाचवे रूपच हवे असते. ते मिळाले तर वडी चकाकते, मोडताना टणकन आवाज येतो, हातात लगेच वितळत नाही आणि तोंडात मात्र विरघळते. बाकीची रूपे मऊ आणि अस्थिर. त्यांच्या वडीवर काही दिवसांत पांढरट पट्टे उमटतात, ज्यांना लोक बुरशी समजून टाकून देतात. ती वर आलेली चरबी असते आणि खायला निर्धोक असते, तरी चव पिठूळ लागते. हे टाळायचे तर वितळलेले चॉकलेट आधी ४५ अंशांपर्यंत नेऊन जुने सगळे स्फटिक मोडून टाकायचे, मग ढवळत ढवळत २७-२८ अंशांपर्यंत उतरवायचे आणि पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत चढवून लगेच साच्यात ओतायचे. उतरवताना आधीच्या खेपेतल्या चांगल्या वडीचा किंवा कोको बटरचा थोडा कीस त्यात टाकला, तर बाकीची चरबी त्याच्या धर्तीवर बसू लागते. थर्मामीटरला पर्याय नाही, कारण ३२ आणि ३५ अंशांमधला फरक बोटाला कळत नाही आणि वडीला मात्र नेमका कळतो. कच्च्या चॉकलेटची तापमानाची मर्यादा या प्रक्रियेत आपोआपच पाळली जाते.

आता आरोग्याविषयी. सासूबाईंना मधुमेह आहे, म्हणून हा प्रश्न आमच्या घरात केवळ चर्चेचा नाही. वरच्या प्रमाणात २५० ग्रॅम चॉकलेटमध्ये ५० ग्रॅम साखर, म्हणजे २० टक्के. दहा ग्रॅमच्या एका वडीत २ ग्रॅम साखर आणि ५५ ते ६० कॅलरी येतात. बाजारातल्या पुष्कळशा मिल्क चॉकलेटांत साधारण निम्मी साखर असते, तेव्हा हा फरक खरा आणि मोठा आहे. मात्र खडीसाखर ही साखरच आहे, खारकेतही साखर आहे आणि त्या दिवसाच्या हिशेबात धरायलाच हव्यात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसाकाठी शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहावे असे सुचवते. फ्लॅव्हनॉलबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२मध्ये इतके मान्य केले की रोज २०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल रक्तवाहिन्यांची लवचिकता टिकवायला मदत करतात. त्यानंतर अमेरिकेत २१,४४२ लोकांवर झालेल्या कॉसमॉस या चाचणीचे निष्कर्ष २०२२मध्ये आले: रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलच्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या एकूण घटना लक्षणीय प्रमाणात घटल्या नाहीत, मात्र त्यांतून होणारे मृत्यू २७ टक्के कमी दिसले. ही आशादायक गोष्ट आहे, औषधाची हमी नव्हे. आणि ती मोजून घेतलेल्या गोळ्यांबद्दलची आहे, आपल्या वड्यांबद्दलची नाही. न भाजल्यामुळे आणि अल्कली न दिल्यामुळे आपल्या चॉकलेटात फ्लॅव्हनॉल जास्त टिकतात एवढे म्हणता येते. कोको बटरमधली सुमारे तृतीयांश चरबी स्टिॲरिक आम्लाची असते आणि ती संपृक्त असूनही वाईट कोलेस्टेरॉल वाढवत नाही, हेही त्याच्या बाजूचे. पण चरबी ती चरबीच. आईंनी आणि मी मिळून जेवणानंतर एक वडी असा नियम ठरवला आहे, आणि त्या तो माझ्याहून काटेकोर पाळतात.

कच्चेपणाची एक बाजू आणखी आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बिया जमिनीजवळ आंबवल्या जातात, उघड्यावर वाळतात, त्यांच्यावरून कोंबड्या-कुत्री जातात. भाजण्याने चव तर येतेच, शिवाय साल्मोनेलासारखे जंतू मरतात. चॉकलेटात पाणी जवळजवळ नसते, त्यामुळे त्यात हे जंतू वाढत नाहीत, पण त्या चरबीच्या आवरणात ते महिनोन्‌महिने तग धरून राहू शकतात. म्हणून सासूबाईंसाठी, इमारतीतल्या लहान मुलांसाठी आणि कोणी गरोदर असेल तर तिच्यासाठी मी बिया मध्यम आचेवर भाजून घेते. थोडे फ्लॅव्हनॉल कमी होतात, होऊ देत. पूर्ण कच्चे मी माझ्यापुरते आणि ज्यांना हे सांगून झालेले आहे अशा मोठ्या माणसांपुरते ठेवते. घरात कुत्रा असेल तर कोणतेच चॉकलेट त्याच्या तोंडी लागू देऊ नये. कोकोतले थिओब्रोमिन त्याला विषासारखे बाधते आणि जितके चॉकलेट गडद तितका धोका जास्त.

वड्या ठेवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा सर्वांत बरा. थंडी संपली की तो डबा फ्रीजमध्ये जातो, आणि खायच्या वेळी बाहेर काढून, आतला गारवा निघून जाईपर्यंत झाकण न उघडता ठेवावा लागतो. लगेच उघडला तर दमट हवेतले पाणी वड्यांवर जमते, साखर विरघळून पुन्हा सुकते आणि वर खरखरीत पांढरा थर येतो. इमारतीतल्या काही जणींनी हे चॉकलेट विकायला काढण्याचा आग्रह धरला. त्यासाठी अन्नसुरक्षेची नोंदणी करावी लागते, आणि तशी जबाबदारी घ्यायची तर न भाजलेल्या बियांची जंतूंसाठी तपासणी करून घेतल्याशिवाय ती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी ज्यांना शिकायचे आहे त्या सकाळी लवकर येतात, थर्मामीटर घेऊन बसतात आणि आपली पहिली वडी स्वतः मोडून पाहतात. इडुक्कीच्या बियांत मला फळासारखा आंबटपणा जास्त लागतो. आंध्रातल्या पश्चिम गोदावरीच्या बिया कशा लागतात ते पाहायचे आहे. पुढच्या खेपेला दोन्ही बिया एकाच प्रमाणात, एकाच तापमानावर, न भाजता दळायच्या ठरवल्या आहेत. दोन्हींचा चुरा एकमेकांत मिसळू नये म्हणून आईंनी दुसरे सूप आणायला सांगितले आहे.